सरासरीइतका पाऊस

हवा मोजायला मी डहाणूला गेले तेव्हा माझ्याजवळ तीन खोकी यंत्रं, संस्थेचा शिक्का असलेलं एक पत्र आणि स्वभावातला बराचसा तिरसटपणा एवढं सामान होतं. साल २०१४. समुद्रापासून डोंगरापर्यंतच्या हवेत धूळ किती, धूर किती, मीठ किती, आणि पाऊस पडताना त्यातलं काय काय खाली घेऊन येतो, हे आमच्या संस्थेला शोधायचं होतं. आमच्या प्रमुखांनी नकाशावर किनाऱ्यापासून पूर्वेकडे एक रेघ ओढली आणि तिच्यावर तीन टिंबं दिली. पहिलं वाढवणला, दुसरं कैनाडला चिकूच्या वाडीत, तिसरं तलासरीच्या पूर्वेला डोंगराखालच्या एका पाड्यावर. नकाशात ती रेघ वीतभरसुद्धा नव्हती. प्रत्यक्षात तिन्ही टिंबं गाठायला अख्खा दिवस जायचा, आणि संध्याकाळी डहाणूच्या भाड्याच्या खोलीवर परतल्यावर कंबर जागेवर आहे ना हे चाचपून बघावं लागायचं.

प्रत्येक ठिकाणी दोन वस्तू बसवायच्या होत्या. एक पंप, जो पांढऱ्या गोल कागदातून हवा खेचायचा. कागदाला जे चिकटेल ते आम्ही तपासायचो. आणि एक लोखंडी घडवंची, तिच्यावर नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. पाऊस नरसाळ्यात पडायचा, बाटलीत साठायचा. महिन्याला भरलेली बाटली न्यायची, स्वच्छ बाटली ठेवायची. यात विज्ञान कुठे आहे असं मला माझ्या आत्याने विचारलं होतं.

वाढवणला बंदर होणार की नाही होणार, हे चालूच होतं. त्यामुळे तिथे मोजणीचं तिकाटणं घेऊन येणारा प्रत्येक माणूस बंदराचा असायचा. मी बंदराची नाही, हवेची आहे, असं मी गच्चीवर जमलेल्या मंडळींना सांगितलं. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारलं की हवा कोणाच्या बाजूने आहे. मी म्हटलं, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे आणि दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. या उत्तराने कोणाचंच समाधान झालं नाही, पण गच्ची मिळाली. पुढे दिवाळीच्या आवराआवरीत त्या घरच्या वहिनींनी पंपातला काळवंडलेला कागद काढून साबणाने धुतला आणि बोंबलांच्या शेजारी चिमटा लावून वाळत घातला. ऐन सणात घरात तसला कागद ठेवणं त्यांना शोभत नव्हतं. त्या महिन्यात वाढवणची हवा संपूर्ण राज्यात सर्वांत स्वच्छ निघाली असती. मी तो महिना सोडून दिला.

कैनाडच्या वाडीचे मालक काका गुजराती-मराठी एकत्र बोलायचे आणि त्यांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. दर महिन्याला मी पंप उघडला की ते पाठीमागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, कागद काळा झाला के नाय, बेन? चिकूचा फुलोरा गळतो तो हवेमुळे, यावर त्यांचा विश्वास होता आणि हवेने आता तो सिद्ध करावा अशी त्यांची साधी अपेक्षा होती. कागद करडा निघायचा. काका उदास होऊन चहा मागवायचे. एका अर्थी ते मला आवडायचे, कारण त्यांची उदासी तरी मोजता येण्यासारखी होती.

तिसऱ्या टिंबावर एक बाई होती. वयाने माझ्यापेक्षा फार मोठी नसावी, पण मी तिला मावशी म्हणायला लागले आणि तीही मला बाई म्हणायला लागली. शाळेतल्या बाई असतात तसं. मावशी आणि तिचा नवरा, दोघंच. उतारावर नागली, खाली ओहोळाकडे भात. तिच्या अंगणात घडवंची उभी केली तेव्हा पाड्यावरचे सगळे बघायला आले होते. बाटली कधी बदलायची, झाकण कसं घट्ट लावायचं, भरलेली बाटली घरात थंड जागी कशी ठेवायची, हे मी मावशीला एकदाच सांगितलं. चार वर्षांत तिच्याकडून एकही चूक झाली नाही. वाढवण आणि कैनाडबद्दल मला हे म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या संस्थेबद्दलही नाही.

त्या पाड्यावर पाऊस बेसुमार पडायचा. आणि होळी झाली की पाड्याची विहीर तळ दाखवायची. मग बायका डोंगराच्या पलीकडे जाऊन ओहोळाच्या वाळूत खड्डे खणायच्या, पाणी पाझरण्याची वाट बघत बसायच्या आणि वाटीवाटीने हंडा भरून डोक्यावर घेऊन यायच्या. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, पण तो ज्या गावांची नावं टंचाईच्या यादीत असतील तिथेच. या पाड्याचं नाव त्यात कधी लागलं नव्हतं. पाऊस चांगला आहे, असं तालुक्याचे अधिकारी म्हणायचे. मावशीने मला हे तक्रार म्हणून कधीच सांगितलं नाही. मी चैत्रात गेले की ती घरी नसायची, एवढंच. मी वाट बघायचे, ती हंडा घेऊन यायची, आणि पहिला तांब्या मला द्यायची. तो पिताना मला चोरट्यासारखं व्हायचं, तरी मी प्यायचे, कारण नको म्हटलं तर तिला राग यायचा.

२०१८ साली पाऊस जुलैपर्यंत बरा पडला आणि मग जो गेला तो गेला. त्या वर्षी मी स्वतः फारशी जात नव्हते. चार वर्षांचा अहवाल लिहायला प्रमुखांनी मला संस्थेतल्या एका खोलीत बसवून ठेवलं होतं. तलासरीच्या रस्त्यावर इको गाडी चालवणारे एक भाऊ पाड्यावरून बाटली आणून डहाणूला पोचवायचे, तिथून ती आमच्याकडे यायची. सप्टेंबर संपता संपता तिन्ही टिंबांच्या बाटल्या टेबलावर आल्या. वाढवणची जवळजवळ कोरडी. कैनाडची थोडी ओली. आणि पाड्याची नेहमीसारखी, व्यवस्थित भरलेली.

प्रमुख विद्वान होते, आणि ही गोष्ट त्यांच्यापासून लपलेली नव्हती. त्यांनी आलेखाकडे बराच वेळ बघितलं. सगळीकडे पाऊस घसरला होता आणि डोंगराखाली तो गेल्या वर्षाइतकाच होता, अगदी सरासरीला धरून. ते म्हणाले, डोंगर. समुद्रावरून आलेलं उरलंसुरलं बाष्प डोंगर अडवतो आणि तिथेच रिकामं करतो. दुष्काळातही पाणी राखणारे असे कोपरे असतात, आणि आपण त्यातला एक शोधून काढला आहे. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मलाही ते खरं वाटलं. नाही, खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. चार वर्षं बाटल्या वाहून आणल्यावर एखादा शोध लागावा असं कोणाला वाटत नाही?

मग पाण्याची तपासणी झाली. पावसाचं पाणी म्हणजे बव्हंशी काहीच नसलेलं पाणी असतं. या पाण्यात चुना होता, क्षार होते आणि तळाशी तांबूस गाळ होता. प्रमुखांनी त्याचीही सोय लावली. महामार्गाकडच्या खडीच्या खाणी, वीटभट्ट्या, त्यांची धूळ हवेत तरंगते, डोंगराशी अडकते, पावसाबरोबर खाली येते. भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, असं मी म्हटलं. धूळ कुठे बंद असते, असं ते म्हणाले. लेखाचा आराखडा झाला. त्यात मधोमध पाड्याचा आलेख होता, निळ्या रंगात.

नेमकं त्याच सुमारास तालुक्याकडून पत्र आलं. उन्हाळ्यात कुठे टँकर लावायचे याची यादी करायची आहे, तुमच्या केंद्रांवरच्या पावसाचे आकडे मिळाले तर मदत होईल. प्रमुख खूश झाले. आपलं काम लोकांच्या उपयोगी पडतंय, असं ते सगळ्यांना सांगत फिरले. आम्ही आकडे पाठवले. पूर्वेच्या त्या भागात पाऊस समाधानकारक झाल्याचं खाली एका ओळीत लिहिलं, आणि त्या ओळीखाली सही माझी होती.

दसऱ्यानंतर मी पाड्यावर गेले. गाडी तलासरी सोडून पूर्वेला वळली तेव्हाच मला काहीतरी खटकलं, पण काय ते कळायला वेळ लागला. भातं उभी होती. उभीच होती, या दिवसांत ती दाण्यांच्या ओझ्याने वाकलेली असायला हवीत. मावशीच्या शेताकडे उतरले आणि एक लोंबी हातात घेऊन चुरडली. सगळं पळींज, नुसती फोलपटं. बोटांना काहीच लागलं नाही. खाचरातल्या भेगांत माझी चप्पल अडकली. बांधावर मावशीचा नवरा दोन बैल उभ्या पिकात सोडून बिडी पीत बसला होता. कापायची मजुरी तरी वाचेल, असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

मी अंगणात आले. मावशी घरातून बाटली घेऊन आली. भरलेली, झाकण घट्ट. नेहमीच्या खुणेपर्यंत.

मी विचारलं, हा पाऊस कधी पडला?

"नाय पडला," मावशी म्हणाली.

मग बाटलीत पाणी कुठून आलं, असं मी विचारलं. तिला माझा प्रश्न कळलाच नाही. म्हणजे शब्द कळले, पण यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मग तिने समजावून सांगितलं, अगदी हळू, लहान मुलाला सांगतात तसं. तुम्ही एवढ्या लांबून गाडी पाठवता. गाडी रिकामी परत कशी धाडायची? पाऊस नव्हता, म्हणून तिने हंड्यातलं घातलं. विहिरीचं पाणी तेव्हाच खाली गेलं होतं, गढूळ येत होतं, तेही फडक्याने गाळून घेतलं. किती घालायचं हे माहीत नव्हतं, म्हणून गेल्या साली जेवढं होतं तेवढं घातलं.

निसर्गात सरासरीइतका पाऊस जवळजवळ कधीच पडत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. तो फक्त हिशेबात असतो. आलेखातल्या त्या निळ्या रेघेने मला हेच ओरडून सांगितलं होतं आणि मी त्यावर डोंगर रचला होता.

मला आधी राग आला. तिचा, प्रमुखांचा, नरसाळ्याचा. मग रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. आमच्या घरीही शेजारणीची वाटी चिमूटभर साखर तरी घातल्याशिवाय परत जात नसे. आई विसरलीच तर मला मागे धावत पाठवायची. हे सगळं माझ्या हाडामांसात होतं, आणि तरी ही बाटली म्हणजे मावशीच्या लेखी माझं भांडं आहे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पिण्याच्या पाण्याची मारामार असताना या बाईने हंड्यातलं पाणी काढून माझ्या बाटलीत भरलं, आणि आम्ही त्याच पाण्याच्या जोरावर लिहून दिलं की हिच्याकडे पाणी भरपूर आहे.

मी तिला पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. ही बाटली बघून टँकरची यादी होते. बाटली भरलेली असेल तर टँकर येत नाही. यापुढे बाटलीत तुम्ही काही घालायचं नाही. रिकामी असेल तर रिकामीच द्यायची, त्यात कमीपणा काही नाही, उलट रिकामी बाटली हीच माझ्यासाठी मोठी वस्तू आहे. मी हे दोनदा सांगितलं, कारण मला वाटलं तिला पटत नाहीये. ती माझ्याकडे एकटक बघत होती. शेवटी मान हलवून आत गेली आणि माझ्यासाठी काकडी घेऊन आली.

रस्त्यावर येऊन मी प्रमुखांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी शास्त्रीय तोडगा काढला: नमुना दूषित म्हणून वगळायचा आणि मोकळ्या जागी शेजारच्या केंद्राचा आकडा भरायचा. आमच्या क्षेत्रात तशी पद्धतच आहे, आणि ती वाईट नाही. पण शेजारचं केंद्र म्हणजे कैनाड. कैनाडला थोडा का होईना, पाऊस झाला होता. यादीतून नाव गळायला तेवढा पुरला असता. म्हणजे मावशीच्या हंड्यातलं पाणी काढून तिथे चिकूवाल्या काकांचा पाऊस ओतायचा, आणि टँकर दोन्ही हिशेबांनी येणार नाही. मी प्रमुखांना म्हटलं की तिथे शून्य लिहायला हवं. शून्याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. त्यांचे प्रश्न नेहमी बरोबर असायचे.

त्या हिवाळ्यात जमीनही हलायला लागली. डहाणू-तलासरीकडे धक्क्यांवर धक्के बसत होते आणि माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली राहायला लागली होती. मी दिसले की लोक विचारायचे, आता पुढचा कधी? मी हवेची आहे, जमिनीची नाही, असं सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी कीव यायची. टंचाईची बैठकसुद्धा छताखाली घ्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ती मोकळ्या मैदानात मांडव घालून झाली. मी आमचे आकडे मागे घ्यायचं पत्र घेऊन गेले होते. आणि पुरावा म्हणून मावशीला घेऊन गेले होते.

तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. इकोत बसल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. पाणी ओतलं हे सांगायला ती घाबरत नव्हती, हे मला उशिरा कळलं. आपल्या घरी पाहुण्याला द्यायला काही नव्हतं, हे शंभर माणसांपुढे सांगायचं होतं, ते तिला जड जात होतं. हे कळल्यावर तिला परत घेऊन जावं असं माझ्या मनात आलं. मी तसं विचारलंही. तिने नको म्हटलं.

बैठक चालवणारे अधिकारी देशावरचे होते, दुष्काळ लहानपणापासून बघितलेले. त्यांनी माझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मावशीला खुर्ची द्यायला सांगितलं. ती बसली नाही. त्यांनी विचारलं की बाटलीत पाणी तुम्ही घातलं का.

"मीच घातला," ती म्हणाली. "आभालातून थेंब नाय आला. पन रिकामी बाटली कशी द्याची बाईला?"

मांडवात कोणी हसलं नाही. माझी भीती तीच होती. उलट पुढच्या रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या, जणू यात वेगळं काय आहे. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग आकड्यावर आडवी रेघ मारली, शून्य घातलं, खाली सही केली. मावशीला खाली बसवून झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, यंत्र चांगलंय तुमचं. फक्त माणसांच्या अंगणात ठेवत जाऊ नका."

होळीनंतर पाड्यावर टँकर आला. पहिल्यांदाच. रस्ता अरुंद असल्यामुळे तो वरच्या वळणावर थांबायचा आणि बायका तिथपर्यंत हंडे घेऊन जायच्या, पण डोंगरापलीकडे जावं लागलं नाही. मी चैत्रात गेले तेव्हा मावशी घरी होती. दुपारची वेळ होती आणि ती ओट्यावर आडवी झाली होती. या बाईला मी चार-पाच वर्षांत आडवं झालेलं कधी बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिला उठवलं नाही, अंगणात नरसाळं पुसत बसले. लेख अर्थातच बारगळला. दुष्काळात पाणी राखणारा कोपरा प्रमुखांनी नंतर दुसऱ्या जिल्ह्यात शोधला.

२०१९ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. आमच्या तिन्ही टिंबांवर तो धो धो पडला. वाढवणची बाटली ओसंडून वाहायची, कैनाडच्या काकांनी एका महिन्यात तीन बाटल्या बदलल्या आणि पावसामुळे चिकू गळतो असं नवं मत मांडलं. इकोवाले भाऊ पुराच्या पाण्यामुळे पाड्यापर्यंत जातच नव्हते. प्रकल्पाची मुदत संपत आली होती, म्हणून यंत्रं उतरवायला भाद्रपदात मी स्वतः निघाले. ओहोळावरचा पूल पाण्याखाली होता. पाणी उतरेपर्यंत मी आणि इकोवाले भाऊ अलीकडे थांबलो आणि मग चिखलातून चालत गेलो. छत्रीचा उपयोग नव्हता. भातं कमरेपर्यंत आली होती आणि डोळ्यांत भरत होती.

अंगणात शिरताना मला आधी वाटलं की घडवंचीपाशी कोणीतरी पाठमोरं वाकून उभं आहे. जवळ गेले तेव्हा दिसलं की ते इरलं आहे. लावणी करताना बायका डोक्या-पाठीवरून घेतात ते, बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं, मावशीचं स्वतःचं. ते नरसाळ्यावर पालथं घालून, सुंभाने घडवंचीच्या चारी पायांना आवळून बांधलेलं होतं. पाऊस त्यावर पडत होता आणि चारी बाजूंनी जमिनीवर निथळत होता.

मावशी शेतातून आली. इरलं नव्हतं म्हणून तिने डोक्यावर खताची पिशवी घेतली होती आणि ती नखशिखांत भिजली होती. मला बघून ती घाईने घरात गेली आणि बाटली घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढे केली. आतून कोरडी ठणठणीत. तिच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं उघड समाधान बघितलं.

"सगला पावसाला एक थेंब नाय जाऊ दिला," ती म्हणाली.

मी ती बाटली हातात घेतली. पाऊस पडलाय की, मावशी, असं काहीतरी मी पुटपुटले. तो तर पडतोच, ती म्हणाली. पण विहीर होळीलाच आटते, मग पाऊस कितीही पडू दे. टँकर चैत्रात लागतो. तुम्हीच सांगितलं होतं ना, बाटली रिकामी दिली की येतो.

मी तिला हे सगळं सांगितलं होतं, अगदी पायरीवर बसवून. आता मी पुन्हा तिच्या ओट्यावर बसले आणि उरलेलं सांगितलं. की एवढा पाऊस लपत नाही. तालुक्याला दुसरे आकडे आहेत, कैनाडचे आहेत, पूल बुडालेला सगळ्यांनी बघितलाय. यादी पावसावरून होते, विहिरीवरून नाही. या वर्षी पाड्याचं नाव लागणार नाही आणि टँकर येणार नाही. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते. वळचणीचं पाणी अंगणात पडत होतं, तिकडे बघत होते.

मावशीने पदराने तोंड पुसलं, केस पिळले. मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट करून तिने विचारलं. रागाने नाही, मनापासून, माहिती हवी म्हणून.

"भरलेली दिली ती चालली नाय. रिकामी दिली ती पन चालत नाय. मंग तुमाला द्याचा तरी काय?"

मी बाटली मांडीवर धरून बसून राहिले. रस्त्यावरून इकोवाले भाऊ हाका मारत होते, पूल पुन्हा बुडायच्या आत निघायला हवं होतं.